तंगूस कोणता घ्यावा?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला शोधत होतो, एवढ्यात ताईचा फोन आला. ताई म्हणजे आमची थोरली बहीण. जयभीम झाला आणि लगेच तिने विचारले, "तू दर रविवारी लोकांना पंचशील देतोस ना? मग आधी तुझ्या भाच्याला दे. मोबाईल उघडून बघ."

आम्ही उघडून बघितले. भाचा अमेरिकेत, अलाबामा राज्यात हंट्सव्हिल या शहरी नोकरीला आहे. फोटोत तो होडीत बसलेला. डोक्यावर टोपी, हातात हिरवट काळसर मासा, माशाच्या भल्यामोठ्या तोंडात याचा अंगठा. खाली लिहिले होते, 'साडेचार पौंड! सोडून दिला.'

ताईला आम्ही म्हटले, "अगं, सोडला ना त्याने?" ती म्हणाली, "सोडायचाच होता तर धरला कशाला?" वाचकहो, बी.कॉम. होऊन वीस-पंचवीस वर्षे फायली उपसल्या, पण या प्रश्नाचा शेरा आम्हांस त्या क्षणी लिहिता आला नाही.

रात्री भाच्याचाच फोन आला. आईने त्याचीही हजेरी घेतली होती. तो म्हणाला, "मामा, मी मारत नाही. इथे बहुतेकजण बास पकडून सोडूनच देतात. पण मागच्या शनिवारी तंगूस तुटला आणि मोठा मासा गळ तोंडात घेऊन गेला. आईला हे सांगितलं नाही. त्याचं काय झालं असेल? आणि दुकानात तर भिंतभर रिळं लावलेली आहेत. कोणता तंगूस घ्यायचा तेच कळत नाही."

तंगूस तुटला म्हटल्यावर आम्हांस आमचे कालकथित वडील आठवले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. वडील गिरणीत होते. काही महिने वाट पाहिली आणि मग बिऱ्हाड गुंडाळून गाव गाठले. आम्ही तेव्हा पाच वर्षांचे, ताई दहाची. वडील संध्याकाळी नदीवर गळ टाकायचे. तो छंद नव्हता, रात्रीच्या कालवणाची तजवीज होती. नवा तंगूस घ्यायला पैसे नसत. वळचणीला खोचलेला, दोन उन्हाळे ऊन खाल्लेला, जागोजाग गाठी मारलेला तंगूस ते वापरायचे. एके दिवशी मोठी मरळ लागली. ताई काठावर टोपली घेऊन उभी. वडिलांनी ओढले, मरळीने ओढले आणि तंगूस तुटला. तीन दिवसांनी ताईला ती मरळ लव्हाळ्यात मेलेली सापडली. गळ तोंडात तसाच, आणि मागचा तंगूस लव्हाळ्याला गुंडाळलेला. वडील बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "पोटातही गेली नाही आणि पाण्यातही राहिली नाही."

ही गोष्ट आम्हांस धूसर आठवते, ताईला लख्ख आठवते. म्हणून तिच्या रागाला मूळ आहे हे ध्यानात घ्यावे.

पहिले शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हत्येची गरज आणि हत्येची इच्छा यांत फरक केला आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. वडिलांच्या गळाला कोणत्या रकान्यात घालायचे हे आम्हांस कळते. संपातल्या घरात चार तोंडे होती. भाच्याच्या गळाला मात्र रकाना सापडत नाही. त्याला मारण्याची गरजही नाही आणि इच्छाही नाही. पण गळ टोचतोच. मग निदान एवढे तरी पाहावे की हा खेळ खेळताना मासा मरू नये. आणि तसे पाहू लागले की प्रश्न पहिल्यांदा तंगुसावरच येऊन थांबतो. आम्ही कारकून माणूस. फाईल पुढ्यात आली की आधी मागची पाने चाळतो. तशी ही चाळली, त्यात भाच्याने पाठवलेली माहिती मिळवली, आणि जे हाती लागले ते इथे देत आहोत.

आधी मासा. मोठ्या तोंडाचा म्हणून त्याला लार्जमाउथ बास म्हणतात. आपल्या मरळीचा हा नातलग नव्हे, पण स्वभाव बराचसा तसाच. गवतात, बुडालेल्या झाडाच्या आडोशाला दबा धरून राहतो आणि बेडूक, छोटे मासे जवळ आले की झडप घालतो. अमेरिकेत याच्यामागे लोक वेडे आहेत. जॉर्जिया राज्यात २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी नावाच्या गरीब तरुण शेतकऱ्याला २२ पौंड ४ औंसांचा बास मिळाला. म्हणजे दहा किलोच्या किंचित वर. दिवस मंदीचे होते. त्याने तो वजन करून घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. जगातला विक्रमी मासा कालवणात गेला, आणि आमच्या मते त्यात काही वावगे झाले नाही.

पकडून सोडण्याची रीत रुळली ती पुढे. रे स्कॉट नावाचा माँटगोमेरीचा विमा एजंट होता. त्याने १९६७ साली बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरवली, १९६८ साली संघटना काढली आणि १९७२ साली आपल्या स्पर्धांत 'मारू नका, सोडा' ही मोहीम सुरू केली. माँटगोमेरी हे नाव आपल्या वाचकांच्या कानावरून गेलेले आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स याच शहरात बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत. भाच्याच्या ऑफिसातले एक कृष्णवर्णीय गृहस्थ, वयाने साठीचे, तेच त्याला होडीतून नेतात. त्यांनी सांगितले की त्यांच्या वडिलांच्या पिढीत काळ्या माणसाने काठावर बांबूची काठी घेऊन बसायचे, होडीचा धक्का आणि सरकारी उद्यान गोऱ्यांचे. मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी इथे तर समुद्रकिनाराही बंद होता. तिथे डॉ. गिल्बर्ट मेसन यांनी १४ मे १९५९ रोजी लोकांना घेऊन पाण्यात पाय घातला, आणि पुढच्या वर्षी २४ एप्रिलला तसाच सत्याग्रह करणाऱ्यांना जमावाने मारले. महाडला २० मार्च १९२७ रोजी काय झाले हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यावर जास्त सांगायला नको. अल्फ्रेड विल्यम्स हे मिसिसिपीचेच. बास स्पर्धांतली सर्वांत मानाची 'क्लासिक' गाठणारे ते पहिले कृष्णवर्णीय. साल १९८३, क्रमांक दहावा.

भाचा ज्या तलावावर जातो त्याचे नाव गंटर्सव्हिल. नाव ऐकून आम्ही पुढे सरकणार होतो, पण तलाव कोणी बांधला हे वाचले आणि थबकलो. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी. १९३३ साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेने टेनेसी नदीवर धरणांची माळ बांधली, त्यातले हे धरण १९३९ साली पुरे झाले. मागचा तलाव ६९ हजार एकरांच्या आसपास. हिचाच नमुना पुढे ठेवून आपल्याकडे दामोदर खोऱ्याची योजना आखली गेली. आखली कोणाच्या खात्यात? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. पूर, सिंचन, वीज हे सगळे एकाच हाताखाली आणणारी ही कल्पना त्यांनी लावून धरली. टेनेसीचे अभियंते व्हूर्डुइन १९४४ साली भारतात आले, ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी अध्यक्षपद भूषवले आणि ७ जुलै १९४८ रोजी दामोदर महामंडळ उभे राहिले. भाच्याला हे सांगितले तर तो दोन मिनिटे गप्पच. म्हणाला, "मामा, मी रोज त्या धरणावरून जातो." आम्ही त्याला आणखी एक सांगितले. टेनेसीवाल्यांनी नॉरिस नावाचे आदर्श गाव वसवले होते, त्यात काळ्यांना घर मिळत नव्हते. बाबासाहेबांनी तिकडून योजना घेतली, गाव घेतले नाही.

असो. गाडी रुळावर आणू.

तंगूस तीन जातींचा. पहिला आपल्या ओळखीचा साधा नायलॉन. ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन तयार झाले. जाहीर झाले १९३८ साली. कॅरोदर्स तोवर नव्हता, १९३७ सालीच वारला. त्याआधी लोक ताग, सूत, रेशीम यांची दोरी वापरत आणि ती रोज रात्री वाळत घालावी लागे, नाहीतर कुजे. गळाजवळचा बारीक तुकडा रेशमाच्या किड्याच्या पोटातली ग्रंथी ताणून काढत. म्हणजे एक मासा धरायला आधी किडा मारायचा. नायलॉनने तो किडा तरी वाचवला.

नायलॉन स्वस्त, गाठीला इमानी आणि ताणला की लांबतो. तुटेपर्यंत ताणला तर पाव हिश्श्याच्या आसपास लांबू शकतो. हा गुणही आहे आणि दोषही. माशाने हिसका दिला की तो हिसका तंगूस पोटात घालतो, गळ तोंडातून फाटून निघत नाही. पण मासा लांब असेल आणि तुम्ही झटका दिलात तर तो झटका वाटेतच विरतो. शिवाय नायलॉन पाणी पितो आणि भिजल्यावर थोडा कमजोर होतो. ऊन तर त्याचा वैरी. रीळ गाडीच्या काचेमागे पडून राहिले की नवा तंगूसही म्हातारा होतो. आमच्या वडिलांच्या तंगुसाचे काय झाले होते ते हे वाचताना आम्हांस चाळीस वर्षांनी कळले. मरळ मोठी नव्हती, तंगूस मेलेला होता.

दुसरा फ्लुरोकार्बन. हा जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ साली बाजारात आणला. याची ख्याती अशी की पाण्यात तो दिसत नाही. अगदी दिसत नाही असे नव्हे. प्रकाश किती वाकतो त्याचा एक अंक असतो. पाण्याचा १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा दीडच्या वर. पाण्याच्या अंकाजवळ जितके जावे तितके नजरेतून सुटावे, एवढाच हिशेब. दुकानदार मात्र 'अदृश्य' म्हणून विकतो. वजनाने जड. पाणी १ धरले तर नायलॉन १.१४ आणि हा १.७८. म्हणून चटकन बुडतो. दगडावर घासला तरी लवकर झिजत नाही, पाणी पीत नाही, उन्हाला भीत नाही. पण ताठ. रिळावरून वळ्या वळ्या होऊन निघतो. महागही. आणि गाठ कोरडी आवळली की घर्षणाने तापून तिथेच दुबळा होतो. गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करावी, हे तिकडचे जाणकारही सांगतात. आमच्याकडे सुई ओवताना आजी तेच करायची, कारण वेगळे.

तिसरा वेणीचा. अतिशय मजबूत अशा पॉलिएथिलीनचे बारीक धागे चार-आठ पदरी गुंफून करतात. साधारण १९९० नंतर मासेमारीत आला. ३० पौंडांची वेणी ८ पौंडांच्या नायलॉनइतकीच जाड भरते, यावरून बळ ओळखावे. ताणत जवळजवळ नाहीच, पाण्यावर तरंगतो, गवत कापत जातो. दोष असे की माशाला दिसतो, बोटाला गुंडाळून ओढला तर बोट कापतो, साध्या कात्रीला दाद देत नाही आणि गुळगुळीत असल्याने गाठ सुटते. त्याला पालोमार नावाची गाठ मारतात. तंगूस दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवायचा, सैल गाठ द्यायची आणि तिच्या फासातून अख्खा गळ काढून आवळायचे. रिळावर नुसता गुंडाळला तर आख्खा गोळाच फिरतो, म्हणून तळाशी चार वेढे नायलॉनचे द्यावे लागतात.

आता पौंड. रिळावर १० पौंड लिहिलेले असते म्हणजे तेवढ्या ओढीला तो तग धरतो. तीन पौंडांच्या माशाला मग पंधरा पौंडांचा तंगूस कशाला, असे आम्ही विचारले. उत्तर हिशेबाचे आहे. गाठ बांधली की थोडे बळ गाठीत गेले. मासा गवतात शिरला की त्याच्या वजनावर ओल्या गवताचा भारा चढला. हिसक्याचे बळ वजनाहून जास्त. दगडावर एकदा घासला की आणखी घट. हे सगळे वजा करून जी शिल्लक उरते तिच्यावर मासा असतो. आमच्याकडे पगारातून कपाती वजा होऊन हातात काय पडते हे पाहण्याची सवय आहे, म्हणून चटकन कळले. रिळाला एक ब्रेकही असतो. ओढ ठराविक मापाच्या पुढे गेली की रीळ आपणहून सैल सोडते. तो तंगुसाच्या बळाच्या पाव ते एक तृतीयांशावर लावावा. भाच्याने तो पक्का आवळून ठेवला होता आणि तंगूस होता ८ पौंडी, गेल्या वर्षीचा, गाडीच्या डिकीत ठेवलेला. गवताने भरलेल्या तलावात. आम्ही म्हटले, "अरे, तू तर तुझ्या आजोबांवर गेलास."

जागा पाहून तंगूस घ्यावा. गंटर्सव्हिलला उन्हाळ्यात पाण्यावर गवताची जाड गादी तयार होते. तिच्यावरून लोक रबराचा बेडूक उड्या मारत नेतात आणि बास खालून गादी फोडून येतो. तिथे ५० ते ६५ पौंडांची वेणीच हवी, दुसरे काही चालत नाही. मासा गवतात गुंतून राहिला तर तो तिथेच संपतो. तळाशी रबरी किडा किंवा शिशाचा जिग ओढायचा तर १५ ते २० पौंडांचा फ्लुरोकार्बन, कारण तो बुडतो आणि तळाची खरखर हाताला कळवतो. पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाला फ्लुरोकार्बन लावला तर तो आमिषाचे नाकच खाली ओढतो. तिथे नायलॉन किंवा वेणी. तीन तोंडी गळ असलेले लाकडी-प्लास्टिकचे मासे ओढायला १०-१२ पौंडांचा नायलॉन अजूनही पुष्कळांना बरा वाटतो, त्याच्या लवचिकपणामुळे बारीक गळ फाटून निघत नाही. आणि अलाबामातच स्मिथ तलाव आहे, खोल आणि निवळ. तिथे जाड तंगूस पाहून मासा तोंड फिरवतो. तिथे ६ ते ८ पौंडांचा फ्लुरोकार्बन, किंवा १० पौंडांच्या वेणीला पुढे दोन-चार हात फ्लुरोकार्बनचा तुकडा.

इथे आमचे एक मत आहे. बारीक तंगुसावर मोठा मासा खेळवून दमवणे यात काही शौकिनांना मोठेपणा वाटतो. आम्हांस तो क्रूरपणा वाटतो. मासा जितका वेळ झुंजतो तितके त्याच्या अंगात आम्ल साठते, आणि उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी. वरवर पोहत गेलेला मासा नंतर मरू शकतो. सोडायचा असेल तर जाड तंगूस घ्यावा, लवकर आणावा, हात ओले करून धरावा म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, आणि फोटोचा सोस आवरावा. गळाचा काटा पकडीने दाबून ठेवावा म्हणजे चटकन निघतो. गळ घशात गेला असेल तर ओढून काढण्यापेक्षा तंगूस जवळून कापावा असे पुष्कळजण सांगतात. भाच्याच्या तुटलेल्या तंगुसाचे वाईट हे की लांब शेपूट मागे राहिले. गळापाशी तुटला असता तर मासा कदाचित गळ झटकून टाकता. हे आम्ही त्याला लपवून ठेवले नाही.

दया कुठे कशी करावी हे जागेवरही असते. जपानात हा मासा १९२५ साली अमेरिकेतून आणून आशी तलावात सोडला. तिथून तो देशभर पसरला आणि तिथले मूळचे छोटे मासे खाऊ लागला. बिवा हा जपानचा सर्वांत मोठा तलाव ज्या शिगा प्रांतात आहे, तिथे २००३ पासून पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला बंदी आहे. त्याच बिवात २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांना २२ पौंड ५ औंसांना जेमतेम स्पर्श करणारा बास मिळाला. पेरींचा विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात, म्हणून तो बरोबरीचा धरला गेला. बुद्धाच्या देशात मासा सोडणे गुन्हा आणि अलाबामात सोडणे पुण्य. ताईला हे सांगितले तर ती म्हणाली, "मग त्या माशांचं चुकलं काय? नेलं कोणी?" बरोबर आहे.

तुटलेला, जुना झालेला तंगूस कुठे जातो हाही प्रश्न आहे. तो कुजत नाही, पिढ्यान् पिढ्या राहतो. बगळ्यांच्या पायांत, कासवांच्या मानेत गुंततो. संक्रांतीला नायलॉनच्या मांजाने काय होते ते आपण दरवर्षी पाहतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर बंदी आणली, तरी गल्लीत मिळतोच. तिकडे तलावाच्या धक्क्यांवर प्लास्टिकच्या नळ्या लावलेल्या असतात, त्यांत जुना नायलॉन टाकायचा, तो वितळवून पुन्हा वापरतात. वेणी त्यात चालत नाही. ती बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकावी लागते. भाच्याला आम्ही सांगितले की गवतात अडकलेला दुसऱ्याचा तंगूस दिसला तरी काढून आण.

शेवटी एक गोष्ट ताईच्या कामाची निघाली. वसंतात नर बास तळाशी शेपटीने खड्डा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि अंड्यांची, पुढे पिलांची राखण नर करतो. जवळ येईल त्यावर धावून जातो. म्हणूनच त्या दिवसांत तो गळाला सहज लागतो. भूक म्हणून नव्हे, पोरांवर पहारा म्हणून. त्याला पाच मिनिटे जरी होडीत घेतले तरी दुसरे मासे येऊन अंडी खाऊन जातात. म्हणजे सोडलेला मासाही घर उजाडून परत जातो. आम्ही हे भाच्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "मार्च ते मे मी जाणारच नाही, मामा." त्याच्या होडीवाल्या गृहस्थांनाही ते पटले, ते म्हणे तसे गेली कित्येक वर्षे करतात, फक्त बोलले नव्हते.

या शनिवारी त्याने दुकानातून ५० पौंडांची वेणी, १५ पौंडांचा फ्लुरोकार्बन आणि काटा दाबायची पकड घेतली. जुना तंगूस काढून नळीत टाकला. बिलाचा फोटो आम्हांस पाठवला, कारण आम्ही मागितला होता. रुपयांत किती झाले ते ताईला सांगितले नाही.

ताईला सगळे ऐकवले. ती स्वयंपाकघरात होती, मध्ये मध्ये हं हं करत होती. सगळे संपल्यावर म्हणाली, "ते सगळं ठीक आहे. पण त्याला पोहता येतं का रे? आपल्याकडे चाळीत कुठे शिकला तो?"

आम्ही लगेच फोन लावला. येत नाही. होडीत जाकीट असते, तिकडे माणशी एक ठेवावेच लागते, पण हा ते अंगात न घालता बुडाखाली घेऊन बसतो. पुढच्या वेळी फोटो मासा नसला तरी चालेल, जाकीट अंगात हवे, असे ताईने सांगायला लावले आहे.